दुसऱ्याचा बिल्ला

मुक्ताई उदगीरकडची. वारज्यात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये अवनीला सांभाळायला यायची. अवनी नऊ वर्षांची, एडीएचडी असलेली. एका पायात मोजा चढायचा आणि लक्ष खिडकीतल्या कबुतराकडे जायचं. आई शर्मिला आयटीत. घाईत तीच मुलीचं सगळं उरकायची.

शाळेनं कळवलं, स्वतःचं आवरता येईल त्यांनाच दोन दिवसांच्या शिबिराला नेऊ. अवनीला जायचंच होतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, रोज त्याच क्रमानं तिचं तिला करू द्या.

मी एकतीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढली. एक फळी करून त्यांच्या दाराशी ठोकून दिली. सात खिळे, सात पितळी बिल्ले, एकेका कामाचा एक, एका बाजूनं काळे रंगवलेले. दात घासले, बिल्ला फिरवला, पिवळी बाजू वर. शेवटचा बिल्ला बुटाच्या नाडीचा. आमच्या कारखान्यात हजेरीचे असेच बिल्ले होते. दुसऱ्याचा बिल्ला फिरवणारा त्याच दिवशी नोकरीवरून कायमचा घरी जायचा.

मुक्ताई मुलीसमोर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायची.

"काका, हात वळवळतात हो. माझ्यानं नाडी मिनिटात होते. तिला पंधरा लागतात."

"मग पंधरा मिनिटं आधी उठवा."

"पावणेसहालाच उठवलंय की!"

असे तीन महिने. हे काम मशीनपेक्षा कठीण. मशीन रडत नाही.

समुपदेशक बाईंना दर शुक्रवारी फळीचा फोटो जायचा. त्यावरून त्या शाळेला कळवणार होत्या. शेवटच्या शुक्रवारी तीन बिल्ले काळेच राहिले. शर्मिलानं ते फिरवले आणि फोटो काढला.

"ताई, केस, डबा अन् नाडी राहिलीय अजून."

"अहो मुक्ताई, एका दिवसानं काय बिघडतं? आज यादी पक्की होतेय."

अवनी रिकामा डबा हातात धरून बघत होती.

सोमवारी तिनं उठल्याउठल्या सातही बिल्ले पिवळे केले आणि परत पांघरुणात शिरली. मुक्ताईनं ते काळे केले. अवनीनं पुन्हा पिवळे केले. आठवडाभर हेच.

यादीत नाव आलं. अवनी शिबिराला गेली. दुसऱ्या सकाळी सगळी मुलं रांगेत उभी आणि ही खोलीत, एका पायात बूट घालून बसलेली. शाळेचा फोन आला, घेऊन जा.

शर्मिलानं मुक्ताईला दारातच थांबवलं. "तीन महिने शिकवलंत तरी काय? उद्यापासून येऊ नका."

मी जिन्यात होतो. म्हणालो, "आधी बिल्ले कुणी फिरवले ते विचारा."

"काका, हा कारखाना नाही."

"खरंय. तिथं तुम्ही एक दिवस टिकला नसता."

मुक्ताई भांडली नाही. चपला पायात सरकवून म्हणाली, "ताई, नाडीला तेवढा हात लावू नका. नऊ मिनिटांवर आली होती."

फळी अजून आहे. दार उघडं असलं की दिसते. सकाळी सातला सातही बिल्ले पिवळे असतात. खाली बसचा हॉर्न वाजत असतो आणि शर्मिला जिन्यात वाकून नाडी बांधत असते.