पाव सूर चढा

वामन गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, भोवती फुलांची चौकट, आणि खाली ओळ : ‘आमच्या मंडळाचे उत्कृष्ट पेटीवादक वामन यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. मीही दोन हात टाकले आणि फोन पालथा ठेवला. आमची ही म्हणाली, “रोह्याला निघायचं नाय का? अवो, वामनभावजी गेले!” मी म्हटलं, गर्दी असेल, मागाहून जाऊ. गर्दीबिर्दी काही नव्हती हो… मला तोंड नव्हतं. ज्या मंडळाने त्याला सात वर्षांपूर्वी उठवलं, तेच त्याला आता उत्कृष्ट म्हणत होतं. आणि उठवलं कशापायी, हे मंडळात एकट्या मला ठाऊक होतं.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठचं, पेणहून एसटीने पाऊण तास. वामन आणि मी एका वर्गात, एका बाकावर. त्याच्या हाताला पेटी लागली, माझ्या मांडीवर पखवाज आला. पुढे तो रोह्याच्या एका कंपनीत चिकटला, मी एसटीत कंडक्टर झालो. तरी शिफ्ट सांभाळून तो दर शनिवारी गावी यायचा. मंडळात एक रीत होती. अभंगाला बसण्याआधी सगळ्यांदेखत पेटीने सूर द्यायचा, आणि पखवाजवाल्याने हातोडीने दोऱ्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून आपली शाईची पुडी, म्हणजे उजव्या तोंडाचं कातडं, त्या सुराला मिळवायची. वामन डाव्या हाताने भाता मारत, उजव्या बोटाने काळी एक ही पट्टी दाबून धरायचा आणि माझ्याकडे बघून मान हलवायचा. ती मान हलली की मिळालं. चाळीस वर्षं मी त्या मानेच्या भरवशावर वाजवलं. लोक म्हणायचे, गजूचा पखवाज कधी सूर सोडत नाही. ऐकून माझी छाती फुगायची. पण तो न सोडलेला सूर धरून कोण बसलेलं असायचं, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

मग एका पावसाळ्यात वामन बरेच शनिवार आलाच नाही, आणि त्यानंतर कुणकुण लागली, की त्याने विजेची पेटी घेतली. पेणला आमच्या ओळखीचे रोहेकरकाका म्हणून होते, बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवलेले, पियानोवर. ते मुलीकडे इस्रायलला कायमचे निघाले, तेव्हा आपला कीबोर्ड वामनला देऊन गेले. बातमी गावात पोचली आणि मंडळाचं माथं भडकलं. आमचे बुवा म्हणाले, “देव काय आता बटनावर येनार हाय?” सगळे हसले, सगळ्यात मोठ्याने मी. ज्या माइकवरून ते बोलले तोही विजेवरच चालत होता आणि देवळाच्या कळसाला रंग बदलणारी लायटिंग होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पेटीसुद्धा काही ज्ञानोबांच्या वेळची नव्हे. ती पहिल्यांदा देवळात आली तेव्हा वीणेवाल्यांनी नाक मुरडलंच असेल. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी फक्त पेटलो होतो. मला न विचारता ह्याने पेटी सोडलीच कशी!

सप्ताहाच्या आठ दिवस आधी वामन मला रोहा स्टँडवर भेटला. माझी गाडी पेणला सुटायच्या बेतात होती. तो खिडकीशी आला, डावा हात खिशात घातलेला, आणि म्हणाला, “गजू, तुला एक सांगायचंय. पेटीचं… म्हंजे, माझ्या हाताचं.” मी म्हटलं, “तुझ्या हाताला आता बटनं गोड लागली, अजून काय सांगतोस?” तो म्हणाला, “आरं, आयक तरी.” मी दोरी ओढली. दोनदा. डबल बेल मिळाल्यावर ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही. गाडी वळताना मी मागे पाहिलंसुद्धा नाही.

आणि सप्ताहाची ती संध्याकाळ. दिवेलागण झाली होती, देवळात माणूस मावत नव्हता. वामनने कीबोर्ड मांडीसमोर ठेवला, काळी एक दाबून धरली, माझ्याकडे पाहिलं. मी हातोडी घेतली, गठ्ठे ठोकले, पुडी सुरात आणली… आणि मग आणखी एक ठोका दिला. पाव सूर चढवला. जाणूनबुजून. वामनची मान हलली नाही. तो बघत राहिला. मी त्याच्याकडे न बघता थाप मारली आणि बुवांनी गजर उचलला.

पहिल्या अभंगालाच बुवा कासावीस झाले. गळा कीबोर्डाकडे नेला की पखवाज बोचायचा, पखवाजाकडे नेला की कीबोर्ड. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. आणि दोष कुणावर जाणार? चाळीस वर्षं सूर न सोडलेल्या गजूवर, की काल आलेल्या डब्यावर? दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर बुवांनी हात वर केला आणि माइकवरच म्हणाले, “डबा बेसूर हाय. उचला तो.” वामनने एकदा माझ्या पुडीकडे पाहिलं. नुसतं तिच्याकडे बोट दाखवून तो सगळ्यांना सांगू शकला असता. तो म्हणाला, “व्हय बुवा. डब्यातच दोष असंल.” एका हाताने त्याने वायर काढली, एका हाताने कीबोर्ड काखेत मारला आणि चपला शोधत निघून गेला. एका हातानेच का, हा प्रश्न मला पडला नाही. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

पुन्हा तो मंडळात आला नाही. रोह्याच्या कंपनीतल्या त्याच्या एका सहकाऱ्याने बसमध्ये तिकीट काढता काढता सांगितलं, तेव्हा कळलं : त्या पावसाळ्यात वामनच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. चालता यायचं, जेवता यायचं, पण भाता मारणं संपलं होतं. पेटीला दोन हात लागतात. कीबोर्डाला एक पुरतो. एवढंच तो मला खिडकीशी सांगायला आला होता.

तरी मी गेलो नाही. हे ऐकून तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. निवृत्त होईपर्यंत आणखी चार वर्षं माझी ड्युटी पेण-रोहा होती. रोहा स्टँडवरून त्याची खोली चालत दहा मिनिटं. मी स्टँडवर चहा प्यायचो, वडापाव खायचो, पेपर वाचायचो. एकदा तो लांबून औषधाच्या दुकानाकडे जाताना दिसला, तर मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन टायर तपासत उभा राहिलो. कंडक्टरने टायर तपासायचे असतात का कधी? रोज वाटायचं, उद्या जाऊ. मग वाटायचं, आता जाऊन बोलायचं काय…

तेरावं उलटून गेल्यावर वामनच्या घरी गेलो. सुलोचनावहिनींनी दार उघडलं, “या भावजी,” म्हणाल्या, आणि चहा टाकला. एक शब्द वाकडा नाही. कोपऱ्यात टेबलावर कीबोर्ड, त्यावर धुतलेलं उपरणं अंथरलेलं. वहिनी म्हणाल्या, “रोज सांजचे वाजवायचे. म्हनायचे, रोहेकरकाकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी मुंबईत विजेचा पियानो घेतला तवा जुने साथीदार पाठ करून बसले. म्हनले होते, तुझंबी तसंच व्हईल वामन, पन हात सोडू नको.”

मग त्यांनी उपरणं काढलं. कीबोर्डाच्या डाव्या कडेला चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली, कडा मळलेल्या, अक्षर वामनचं. ‘गजूचा पखवाज : फंक्शन दाबा, ट्यूनिंग, अधिक बावीस.’ वहिनी म्हणाल्या, “बंद केलं की ते आपलं पुन्हा खाली येतं म्हनं. म्हनून रोज आधी ह्येच करायचे. मी एकदा विचारलं, रोज कशाला? तर म्हनले, गजू कधी आला तर त्याला पखवाज उतरवाया लागू नये.”

मी वायर लावली. चिठ्ठीत होतं तसं बावीसपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव सूर, चढवलं आणि काळी एक दाबली. तोच सूर. सात वर्षांपूर्वी मी चोरून चढवलेला, एका संध्याकाळी त्याने ऐकलेला. बोट उचलवेना. वहिनी म्हणाल्या, “रडा भावजी, कुनी नाय बघत.”

मंडळात हे अजून मी कुणाला सांगितलेलं नाही. समोर उभं राहून सांगण्याची छाती झाली नाही, म्हणून इथे लिहिलं. बुवा, तुमचे नातू तुम्हाला रविवारची पुरवणी वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. तर ऐका : डबा सुरात होता.