मशीन किती वेळ चालू होतं

साहेबांना त्यांच्या भाच्यानं एक कमांड शिकवली आणि माझ्यामागे साडेसाती लागली. ती टाइप केली की संगणक किती वेळापासून चालू आहे ते पडद्यावर यायचं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कारंज्याच्या एका कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर होते. मार्चमध्ये माझं कंत्राट वाढणार की नाही, ते साहेबांच्या सहीवर होतं.

बाकी सगळ्यांना हजेरीपटावरची सही पुरायची. माझी हजेरी मशीन सांगणार.

रोज चारच्या सुमारास साहेब येऊन कमांड मारायचे. "बाई, मशीन दोन तासांपासून चालू हाय. म्हणजे तुमी दोन वाजता येता!"

"साहेब, अकरा ते दोन लाइन नसते. लाइन गेली का मशीन बंद पडते, आली का पयल्यापासून मोजते."

"मशीन कायले खोटं बोलन?"

भारनियमनाच्या त्या तीन तासांत मी खिडकीशी बसून अर्ज हातानं तपासायची. साहेब समोरच्याच खुर्चीवर फाइलनं वारा घेत असायचे. मला रोज डोळ्यांनी बघायचे हो! तरी डोळे खोटे आणि आकडा खरा. आजही आठवलं की टाळकं सरकतं.

एकदा दुपारी लाइन आल्यावर मशीन लावलं आणि संध्याकाळी मुद्दाम बंदच केलं नाही. रात्री लाइन गेली नाही. सकाळी दहाला मीच साहेबांना बोलावून कमांड मारली. वीस तास.

"लिहा साहेब, ही बाई रातभर घरी गेलीच नाई."

साहेबांनी चष्मा पुसला. "मशीन बिघडलं दिसते," म्हणाले.

माझ्या विरुद्ध बोललं तेव्हा हरिश्चंद्र, माझ्या बाजूनं बोललं तर बिघडलेलं. त्यानंतरही रोज चारला कमांड चालूच राहिली.

मार्चअखेरीस त्यांनी मला संगणकापुढे बसवलं आणि पत्र सांगायला लागले. "सदर कंत्राटी ऑपरेटर कार्यालयीन वेळेत उपस्थित राहत नसल्यामुळे..." माझंच पत्र, आणि माझ्याच हातानं! मी उठले.

"तुमीच करा टाइप," म्हटलं आणि पिशवी उचलली.

कार्यालयात टाइप करता येणारं दुसरं कुणी नव्हतं. दारातून वळून पाहिलं, तर साहेब एका बोटानं अजून 'सदर'मधला 'द' शोधत होते.