मी खाल्लेले दात

गार पाण्यानं दाढेत कळ येते म्हणून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टरमध्ये उतरवलेले माझेच दात माझ्या तळहातावर ठेवले आणि मी दचकलेच. दाढांवर एकही उंचवटा नव्हता. टाकी न लावलेल्या पाट्यासारख्या त्या नुसत्या गुळगुळीत झाल्या होत्या.

"झोपेत दात खाता का हो?" त्यांनी विचारलं.

"छे!" मी म्हटलं.

"खाते की ही," शेजारी बसलेले आमचे हे सहज म्हणाले. "लग्न झाल्यापासून. करकर, करकर."

एकतीस वर्षं! "मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

दात खाणं हा शब्द मी जन्मभर ऐकला; त्यातलं खाणं खरं असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. आपलेच दात मी खाल्ले होते आणि चवसुद्धा कळली नव्हती. राग गिळावा, असं आई सांगायची. मी गिळत गेले. गिळला की संपला, असंच वाटायचं. पण मी झोपले की तो परत तोंडात येत होता आणि मी तो चावत होते.

"राग वगैरे साठून राहतो का मनात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात हेच म्हणाले, "छे हो, हिला राग म्हणून माहीत नाही."

मी तोंड मिटलं. भर दुपारी, टक्क जागी असताना, माझ्या दाढा एकमेकींवर घट्ट बसल्या. आणि या वेळी ती करकर मलाही ऐकू आली.