डोंगरावरची मोहरी

मी सातपुड्यातली, पार नंदुरबारकडची. आठवीत शाळा सुटली आणि नगरला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी कामाला आले. बाईंनी मागची खोली दिली, संध्याकाळी शेजारी बसवून वाचायला लावलं. आज या चार ओळी लिहिते त्या त्यांच्यामुळे. पण दुसऱ्याच्या घरात राहताना जीव थाऱ्यावर नसतो. भांडं पडलं तरी वाटायचं, आता जा म्हणतील.

बाईंचा मुलगा फौजेत, हिमालयात. सुट्टीत त्यानं तिकडचं एक रानरोप आणलं होतं. चार पाकळ्यांची पिवळी फुलं, पानांवर बारीक लव. "मोहरीच्याच कुळातलं हे, पण वर्षानुवर्षं जगतं," बाई सांगायच्या. मार्चमध्ये त्या मुलाकडे निघाल्या आणि कुंडी माझ्या हवाली केली. "रोज फोटो टाकत जा गं."

मुळांना गारवा मिळावा म्हणून मी ती कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधे ओली वाळू भरली. तरी नगरचं ऊन ते! जेवता जेवता उठून बघायला जायची. फुलं गळली, शेंगा धरल्या, त्याही वाळत चालल्या.

एक दिवस बाजारातून आले तर कुंडी रिकामी. धुण्याभांड्याच्या मावशी ओट्यावर पोतं अंथरून झाड बडवत बसल्या होत्या. त्यांच्या गावाकडे गव्हाच्या कडेला मोहरी पेरतात. शेंगा पिवळ्या पडल्या की उपटायची, वाळवायची, बडवायची.

"मावशी, हे काय केलंत!"

"काय म्हंजी? शेंगा तडकून समदं मातीत गेलं असतं. फोडनीपुरती बी न्हाई निघाली बघ."

"ती फोडणीची नव्हती हो!"

"मग काय पुजायची हुती?" त्या हसल्या, मग माझं तोंड बघून बडवायच्या थांबल्या.

मूळ जाड होतं, पण अर्धं तुटलेलं. तेच परत मातीत लावलं, वर ओलं पोतं टाकलं. फोटोची वेळ झाली होती. कालचा फोटो मोबाईलमध्ये होता. त्यावर अंगठा थांबला खरा, पण टाकवला नाही. नुसत्या मातीचा फोटो काढला, झालेलं सगळं लिहिलं आणि पाठवलं.

बाईंनी पाहिल्याची खूण आली, उत्तर येईना. मी तांदूळ निवडले, निवडलेले परत निवडले. खोलीत जाऊन माझी पिशवी कुठे आहे ते बघून आले. मावशींची जायची वेळ टळून गेली तरी त्या उंबऱ्यात बसून होत्या. "बाईला माजं नाव सांग," म्हणाल्या.

शेवटी फोन वाजला.

"मूळ आहे ना?"

"आहे. अर्धंच."

"मग रडतेस कशाला? इथं महिनोन्महिने बर्फाखाली मूळच असतं. वर काही दिसत नाही. मी आले की दोघी मिळून बघू. मावशींना बोललीस का काही?"

"ओरडले."

"चहा कर त्यांना."

चहा ठेवला. कोंब फुटेल असं बाई काही म्हणाल्या नव्हत्या. खिडकीतून कुंडी दिसत होती, तिकडेच बघत राहिले आणि चहा उतू गेला.

"व्हय गं," मावशी म्हणाल्या, "आता काय त्यो बी मातीत घालतीस?"