नॅपकिनच्या गाठी

आमची आत्या लोकांच्या घरी जाऊन दुपारच्या चहाचं टेबल मांडून द्यायची. हा काय धंदा झाला, असं माझ्या वडिलांनी तिला जन्मभर ऐकवलं. पण गुलाबी टेबल मांडावं तर तिनंच, असं तिला कामं देणारी सजावटीच्या दुकानाची मालकीणसुद्धा म्हणायची, आणि त्या बाईच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटण्यापैकीच होतं.

गुलाबी म्हणजे एकच रंग, असं म्हणणाऱ्याला आत्या वेड्यात काढायची. तिच्याकडे कांद्याच्या सालीचा गुलाबी होता, बाळाच्या टाचेचा होता, आणि अबोली तर वेगळाच. टेबलक्लॉथ बाळाच्या टाचेचा असेल तर नॅपकिनही तेच हवेत. त्यात अबोली घुसला की चहा आजारी दिसतो, म्हणायची. मांडून झालं की प्रत्येक खुर्चीवर एकदा बसून बघायची. मी तिच्या हाताखाली कप पुसायला होते.

कामाच्या शेवटच्या वर्षी ती नॅपकिन मांडताना त्यांचे कोपरे चाचपायला लागली. मला वाटलं, वयाचा चाळा. एका दुपारी हाताला काम नव्हतं, म्हणून मी तिच्या सगळ्या नॅपकिनच्या विरलेल्या किनारी कापून नव्यानं शिवल्या. कोपऱ्यांत दोऱ्याच्या बारीक गाठी होत्या, कुठे एक, कुठे दोन. गबाळ्या दिसत होत्या, म्हणून काढून टाकल्या. आत्याला सांगितलं नाही. म्हटलं, बघेल तेव्हा खूश होईल.

दोन दिवसांनी एका डॉक्टरीणबाईंच्या घरी चहा होता, बारा जणांचा. आत्यानं नॅपकिन उचलला, कोपरा चाचपला. दुसरा उचलला. थोडा वेळ थांबली आणि मग भराभर सगळे मांडून मोकळी झाली. टेबलक्लॉथ बाळाच्या टाचेचा, आणि बारांत पाच अबोली!

"रंग जुळलेत ना गं?" तिनं हळूच विचारलं.

दारात दुकानाची मालकीण आणि डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. चारचौघांत आत्याला तोंडघशी कसं पाडायचं?

"अगदी बरोबर," मी म्हणाले. असला शहाणपणा मला कुणी शिकवला होता कोण जाणे.

मालकीण टेबलाजवळ आली. "यात अबोली कुणी घातले?"

"मीच," आत्या म्हणाली. माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. त्या दिवसापासून तिला काम मिळालं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर आत्याकडूनच कळलं. तिची नजर जात चालली होती, उपाय नव्हता. रंग ओळखू येत होते तेव्हाच तिनं सगळ्या नॅपकिनना गाठी मारून ठेवल्या होत्या. एक गाठ बाळाच्या टाचेची, दोन अबोलीच्या. मी ढसाढसा रडले.

"शिवण मात्र सरळ घातलीस," ती म्हणाली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या रविवारी मी घरीच तिच्यासाठी टेबल मांडलं. दोन कप, दोन बशा, आणि गाठी मारलेले दोन नॅपकिन. तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. तिनं कोपरा चाचपला.

"बाळाच्या टाचेचा?"

"हो."

"आणि टेबलक्लॉथ?"

"तोच गं आत्या."

मी चहा ओतला. नॅपकिन मांडीवर पसरत ती म्हणाली, "आज दारात कुणी उभं नाही ना? मग खरं सांग."