भात्याची कडी

वडनेरच्या आमच्या भजनी मंडळात मी 'म्हणणारी' होते. म्हणजे सगळ्यांच्या पुढे देवाकडे तोंड करून बसायचं आणि ओळ सुरू करायची. मागच्या बायका झील धरायच्या, तीच ओळ एकत्र उचलून परत म्हणायच्या. दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात आम्ही आठ-दहा जणी जमत असू. सोबत ढोलकी, टाळ आणि पेटी. पेटी माझी धाकटी जाऊ वाजवायची. माझा आवाज चांगला होता, हे उगाच कशाला लपवू? लग्नाआधीपासून लोक तसं म्हणत आले होते आणि मला ते ऐकायची सवय लागली होती.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या आजूबाजूचं जग हळू बोलायला लागलं. माझ्या कानांवर मला शंका नव्हती. नवऱ्याला मी म्हणायची, "तोंडात खर्रा भरून बोलसान तर मले काय समजन?" आमच्या कापडाच्या दुकानात येणाऱ्या बाया हल्ली पुटपुटतात, असंही माझं मत झालं. पेटीचा आवाज पार खाली गेला म्हणून ती हिंगणघाटला नेऊन दुरुस्त करून आणली, तरी मरतुकडीच वाजायची. एकदा मी जावेला सगळ्यांसमोर म्हटलं, "जरा जोर लाव, जेवली नाई का?" ढोलकी मला स्वच्छ ऐकू यायची, त्यामुळे दोष पेटीचाच हे पक्कं होतं.

त्या उन्हाळ्यात भाच्यानं पिपरी मेघेला घर बांधलं आणि वास्तूच्या दिवशी मंडळाला बोलावलं. हॉल लहान, त्यात सोफा. पुढे-मागे बसायला जागाच नव्हती, म्हणून आम्ही गोल करून बसलो आणि पेटी पहिल्यांदाच माझ्या समोर आली.

दुसऱ्या भजनात माझी नजर तिकडे गेली. जावेची बोटं पट्ट्यांवर झरझर चालत होती आणि भात्याची कडी लावलेली होती. भाता बंद असला की पेटीत हवा जात नाही, मग बोटं कितीही नाचवा. विसरली असेल, म्हणून मी डोळ्यांनी खूण केली. तिनं मान खाली घातली. बाकीच्या बायका एकदम आपापल्या टाळांकडे पाहू लागल्या. भजन मी पूर्ण केलं. कसं केलं ते माझं मला माहीत.

परतताना एसटीत मी तिच्या शेजारी बसले. "कधीपासून?" विचारलं. ती काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी तिनं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "दिवाळीपासून, बाई!" अर्ध्या गाडीनं वळून पाहिलं.

मग ती तशीच मोठ्यानं, थांबत थांबत सगळं सांगत गेली. माझा सूर एकीकडे आणि पेटी दुसरीकडे जायला लागली होती. दोन्ही एकत्र वाजले की ऐकणाऱ्याला लगेच कळायचं. पेटी गप्प केली की माझाच सूर उरायचा, आणि तो जिथं जाईल तिथं सगळ्या जणी मुकाट मागे यायच्या. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही भजन सोडून देसान, म्हणून."

मला उपकार वाटले नाहीत, संताप आला. माझी कीव करणाऱ्या ह्या कोण? पुढच्या गुरुवारी मी गेलेच नाही, घरी गहू निवडत बसले. देवळातून नुसती ढोलकी ऐकू येत होती. जीव इतका कासावीस झाला की सूप बाजूला सारलं. मग स्वतःलाच विचारलं, बाई, तुला आत्ता कशाची आठवण येते आहे, देवाची की तुझ्या आवाजाची? उत्तर द्यायला मी फार टाळाटाळ केली, कारण ते मला माहीत होतं. देव आठवतच नव्हता. आठवत होत्या त्या माना डोलावणाऱ्या बाया. मीपणा जाऊ दे म्हणून देवाला विनवणारी भजनं मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणत आले होते. त्याचं मला एकटीला बसून हसू आलं, आणि हसल्यावर राग पातळ झाला.

राग गेल्यावर जाऊ दिसू लागली. पेटी तिनं माहेराहून आणलेली, तिच्या हौसेची. तीच तिनं माझ्यासाठी मुकी केली, वर माझी बोलणीही खाल्ली. सख्ख्या बहिणीनंही एवढं केलं नसतं. तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की कधी एकदा गुरुवार येतो असं झालं.

गुरुवारी मी देवळात जाऊन मागच्या ओळीत बसले. म्हटलं, "मले ऐकू येत नाई. म्हणणारी दुसरी पाहा, मले झिलीवर ठेवा." कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, याचं मात्र जरा वाईट वाटलं. अंगणवाडीच्या बाई पुढे बसल्या, जावेनं भाता उघडला. मला पेटी फारशी ऐकू आली नाही, पण बायकांचे चेहरे निवांत झालेले दिसले. त्यांच्या ओठांकडे पाहत, कधी मागे पडत, कधी पुढे जात मी म्हणत राहिले. डोळे मिटले की मन शांत होतं म्हणतात. मला ती शांतता त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी मिळाली.

आरती झाल्यावर जावेजवळ जाऊन विचारलं, "आज बेसूर झाली का मी?"

तिनं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. या वेळी कोणी मान खाली घातली नाही. मग ती माझ्या कानाशी आली.

"हो बाई. लय."

मी तिचा हात धरला आणि तिथंच रडू लागले. ती घाबरली, तिला वाटलं मला लागलं. मला तर इतक्या महिन्यांनी माझी जाऊ परत मिळाली होती.