तात्यांच्या पेटीचा ताप

हसा खुशाल, पण आधी कप खाली ठेवा. माझ्या अकलेचे असे धिंडवडे पुन्हा कधी निघाले नाहीत!

मोबाईल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. नारायणगावात माझं मोटर-पंप दुरुस्तीचं दुकान. पंप हवा तसा हळू-जोरात चालवणारी ड्राइव्ह नावाची पेटी मी नव्यानं विकायला लागलो होतो. पहिली घेतली निरगुडसरच्या तात्यांनी. बसवून झाल्यावर मी त्यांच्या कारभारणीला, आक्कांना, मोठ्या ऐटीत बजावलं, "धूळ हिची वैरीण. पोटच्या पोरासारखं जपा हिला!"

आठ दिवसांत तात्यांचा फोन. "पावणं, पेटी दुपारी तापती आन् बंद पडती. टमाटी फुलावर हाय, पानी तुटलं तर फूल गळंल!"

धावत गेलो. आक्कांनी पंपघरात मऊ बसकर टाकलं, चहा दिला. मी मांडी ठोकून दोन तास पेटीसमोर बसलो. पेटी गार! मी दुकानात पोचलो, तर फोन हजर. पडली बंद.

दुसऱ्या खेपेला पंखा बदलला. तिसऱ्या खेपेला तात्यांना पत्र्यावर चढवून उसाचं पाचट पसरायला लावलं. दर वेळी तेच बसकर, तोच चहा, तीच गार पेटी. माझी पाठ फिरली की पुन्हा ताप!

"तुमी असला की गुमान चालती," तात्या म्हणाले. "हितंच ऱ्हायला या ना राव!"

चौथ्या खेपेला मात्र तात्या हसले नाहीत. त्यांनी ओंजळभर गळलेली फुलं दाखवली. "परवापत्तुर बघतो. न्हाईतर पेटी घिऊन जावा, जुना स्टार्टर बरा."

माझी पहिली पेटी हो! पण खरं सांगू? त्या फुलांकडे बघून जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी न कळवता, ऐन दुपारी थडकलो. पंपघरात बघतो तर काय, पेटीनं अंगडं घातलेलं! जाडजूड, गोधडीसारखं शिवलेलं, वर नाडी, आकडे दिसायला पुढं खिडकी. टीव्हीला असतं, मिक्सरला असतं, मग हिला का नको?

मागून आक्का आल्या. "अगं बाई, न सांगता आलात व्हय? थांबा, बसाया टाकते!" त्यांनी नाडी सोडली, अंगडं उतरवलं आणि माझ्यापुढं अंथरलं.

मी उभाच.

"आक्का, हे रोज घालता हिला?"

"रोज की! तुमीच म्हनालात, पोरावानी जपा. माझ्या आईच्या लुगड्याचं शिवलंय, घरात तेवढंच मऊ व्हतं. पावना आला की काढते. तुमाला काय भुईवर बसवायचं?" मग त्यांचा चेहरा पडला. "त्यानं तापत व्हती का? माज्यापायी फुलं गळाली?"

त्यांचे डोळे भरले.

तेवढ्यात तात्या आले. "सापडलं का?"

"सापडलं. चूक माझी," मी म्हणालो. "धुळीचं सांगितलं, हवेचं सांगायला विसरलो. पेटी उघडीच राहू द्या."

पेटी पुन्हा तापली नाही. टोमॅटोला नवं फूल लागलं. अंगडं आक्कांनी मलाच दिलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुमाला सवय झालीया."

आजही दुकानात त्याच्यावरच बसतो. आणि कुणाची पेटी तापली म्हणून गेलो, की आधी स्वतःच्या बुडाखाली बघतो, मग पेटीकडे!